एमजीबीचा आरपीएम मीटर इंजिन तापलं की दुप्पट दाखवतो: मीटर उघडू, की आधी दुसरं काही बघू?

जुनाट_रोडस्टर

मंडळी, जरा डोकं लावा.

गाडी १९६८ ची एमजीबी, उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंजिन मूळचंच १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर लुकासचा आणि आत साधे सीबी पॉइंट (इग्निशनचा करंट जोडणारी-तोडणारी तोंडं). इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं नाही. आरपीएम मीटर स्मिथ्सचा. डायलच्या तळाशी बारीक अक्षरांत आरव्हीआय आणि पुढे आकडे, शिवाय ‘निगेटिव्ह अर्थ’ (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला) असंही लिहिलंय.

तक्रार अशी. गार इंजिनवर काटा शहाण्यासारखा वागतो. आयडलिंगला हजाराच्या आसपास उभा. इंजिन तापलं आणि अडीच हजाराच्या वर रेस दिली की काटा एकदम उसळी मारून पाच हजारांवर जातो, कधी थेट लाल पट्टीत. दोन-तीन सेकंद थरथरतो आणि परत खाली येतो. कान सांगतात की इंजिन एवढं पळतच नाहीये.

रात्री दिवे लावले की वेगळंच नाटक. काटा जागच्या जागी दोन-तीनशेनं सरकतो. दिवे बंद केले की परत मूळ जागी.

आणि काटा स्थिर असतो तेव्हाही तो जास्तच दाखवतो असा मला दाट संशय आहे. टॉप गिअर, ओव्हरड्राइव्ह (टॉपच्या वरचा जादा गिअर) बंद, फोनच्या जीपीएसवर ताशी ८५ किलोमीटर आणि टॅकोवर, म्हणजे या आरपीएम मीटरवर, साडेतीन हजार. हे जरा जास्तच नाही का?

एका मेकॅनिकनं मीटरला हातही न लावता निकाल देऊन टाकला, ‘मीटर गेला, डिजिटल टाका.’ मला ते पटत नाही. तो डायल काढला तर डॅशबोर्डचा चेहराच जाईल. सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे, मीटर उघडायची तयारी आहे. समोरचं क्रोमचं कडं कसं काढतात? कॅलिब्रेशनचा स्क्रू कुठे असतो, आणि तेवढा फिरवून भागेल का?

अवांतर: वरच्या रेसला गाडी किंचित अडखळते. ते कार्ब्युरेटरचं असावं, दोन्ही नीट जुळलेले नाहीत.

---

केबलवाला

मागे केबल आहे का बघा आधी. माझ्या ट्रायम्फ टीआर ४ ला डिस्ट्रिब्युटरच्या बुडातून निघणारी केबल आहे. तिथे काटा थरथरला की दहातल्या नऊ वेळा आतली तार कोरडी पडलेली असते, नाहीतर कुठेतरी केबल फार वळलेली असते. ग्रीस लावायचं ते खालच्या दोन तृतीयांश भागालाच. वरपर्यंत लावलं की ते चढत चढत मीटरमध्ये जातं आणि मग खरं दुखणं सुरू होतं.

---

जुनाट_रोडस्टर

केबल नाही. मागे हिरवी वायर, काळी वायर, दिव्याचं होल्डर आणि दोन पांढऱ्या वायरी. पांढऱ्यांना बुलेट कनेक्टर आहेत, एक नर, एक मादी.

---

वेगवान_कासव

एमजीबीत केबल फक्त सुरुवातीच्या, तीन बेअरिंगच्या इंजिनांना होती. १९६४ च्या शेवटी पाच बेअरिंगचं इंजिन आलं आणि मीटर इलेक्ट्रिक झाला. माझा सल्ला: सीबी पॉइंट फेकून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, सगळी कटकट एकदम मिटेल.

---

सोल्डरची_धग

कटकट मिटणार नाही, बदलेल. त्यावर नंतर बोलू. रोडस्टर, तुम्ही आधी तो स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा.

तुम्ही एका दमात तीन तक्रारी सांगितल्यात. तिन्ही एकाच काट्यावर दिसतात म्हणून तुम्हाला तो एकच रोग वाटतोय. दिव्यांबरोबर काटा सरकणं हा पहिला. तापल्यावरची उसळी हा दुसरा. कायमचे पाचशे जास्त हा तिसरा. माझ्या मते यातला फक्त तिसरा मीटरच्या पोटात आहे. बाकीचे दोन बाहेर आहेत आणि मीटर बिचारा ते प्रामाणिकपणे दाखवतोय.

हा मीटर नक्की काय मोजतो ते आधी बघा, म्हणजे पुढचं सोपं जाईल. इग्निशन स्विचकडून कॉइलकडे (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवते ती) जाणारी पांढरी वायर सरळ कॉइलला जात नाही, वाटेत मीटरमधून फेरा मारून जाते. पॉइंट मिटले की कॉइलमधून तीन-चार अँपिअर करंट वाहू लागतो, उघडले की तो तुटतो. मीटरच्या आतला छोटासा ट्रान्सफॉर्मर ही करंटची उघडझाप पकडतो. आरव्हीआय म्हणजे हा करंटवर चालणारा मीटर. १९७० च्या दशकात आरव्हीसी आले. ते कॉइलच्या निगेटिव्ह टोकावरून व्होल्टेज उचलतात आणि त्यांच्या मागे ही दोन पांढऱ्या वायरींची भानगड नसते. दोघांचे डायल लांबून सारखेच दिसतात, म्हणून जुना मीटर विकत घेताना लोक हमखास फसतात.

आता हिशेब. चार सिलिंडर, चार स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या एका फेऱ्यात दोन ठिणग्या. ३००० आरपीएमला मिनिटाला ६००० झटके, सेकंदाला १००. प्रत्येक झटक्याला मीटर ठरावीक रुंदीचा एक पल्स तयार करतो आणि काट्याच्या कॉइलला देतो. काटा त्या पल्सची सरासरी दाखवतो, बस. मीटरला इंजिन दिसत नाही, झटके दिसतात.

मग एका ठिणगीच्या वेळी करंट दोनदा तुटला तर? मीटर दोन मोजणार. अडीच हजाराचे पाच हजार, म्हणजे दुप्पट, हे तुम्हीच लिहिलंय. मीटरमधला जुना झालेला पार्ट कमी-जास्त दाखवेल, पण असा मोजून मापून दुप्पट दाखवत नाही. आणि तुमचं ते ‘अवांतर’ अवांतर अजिबात नाही. वरच्या रेसला गाडी अडखळते आणि त्याच सुमारास काटा उडतो, यात कार्ब्युरेटरचा काय संबंध? पेट्रोल कमी पडलं म्हणून काटा वर जात नसतो.

माझा पहिला संशय डिस्ट्रिब्युटरमधल्या कंडेन्सरवर. गार असताना ठीक आणि तापल्यावर दगा, हा त्याचा जुना स्वभाव आहे. कंडेन्सर दुबळा झाला की पॉइंट उघडताना ठिणगी पॉइंटवरच पडते आणि करंट एका झटक्यात न तुटता कापत कापत तुटतो. पॉइंटचे तोंड उघडून बघा. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ आणि सगळं निळसर-काळं झालेलं असेल तर कंडेन्सर बदला, पॉइंटही नवे घाला. गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ड्वेल मीटर (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन मोजणारा) असेल तर लुकास २५डी४ डिस्ट्रिब्युटरला ६० अंश.

दिव्यांचं सोपं आहे. पॅनेलच्या बल्बचं अर्थिंग मीटरच्या केसमधूनच, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डब्यातूनच होतं. केसपासून बॉडीपर्यंतचा रस्ता गंजला असेल तर बल्बचा करंट जाताना केसवर थोडं व्होल्टेज उभं राहतं आणि मीटरच्या सर्किटला तेवढं कमी मिळतं. दिवे लावा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक मीटरच्या केसवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. जवळजवळ शून्य यायला हवं. अर्ध्या व्होल्टच्या आसपास काही दिसलं तर चोर सापडला.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत वाचा: डॅशबोर्डमागे हात घालण्याआधी बॅटरीची वायर काढा. त्या पांढऱ्या वायरीला या गाडीत फ्यूज नाही. ती बॉडीला टेकली तर वायरिंग हार्नेसच जळेल.

स्क्रू, कडं, कॅलिब्रेशन हे सगळं नंतर.

---

पॉइंट_गॅप

काकांचं बरोबर आहे, पण कंडेन्सरबरोबर अजून एक जागा बघून घ्या. पॉइंट ज्या प्लेटवर बसतात ती व्हॅक्युमनं फिरते. त्या हलत्या प्लेटला अर्थिंग देणारी एक बारीक विणलेली वायर आत असते, आणि पॉइंटला बाहेरून करंट आणणारी दुसरी. दोन्ही सतत वाकून वाकून आतल्या आत तुटतात. वरून कापडाचं किंवा प्लास्टिकचं आवरण धडधाकट दिसतं, आत दोन-चार तारा उरलेल्या असतात. इंजिन बंद ठेवून मल्टिमीटरची बीप लावा, व्हॅक्युमच्या नळीतून तोंडानं हवा ओढा आणि प्लेट फिरताना बीप तुटते का ऐका.

नवे कंडेन्सर घेताना मात्र चांगले घ्या. हल्ली मिळणारे काही इतके भिकार असतात की जुना काढल्याचा पश्चात्ताप होतो. जुना टाकून देऊ नका.

---

केबलवाला

मग गाडी मीटरशिवाय चालवून बघता येईल का? म्हणजे उसळी मीटरमुळे की इग्निशनमुळे हे कळेल.

---

सोल्डरची_धग

उत्तम प्रश्न. चालवता येईल, पण नुसत्या पांढऱ्या वायरी काढून नाही. मीटर कॉइलच्या रांगेतच आहे. वायर काढली की कॉइलचा करंट बंद आणि इंजिन बंद. धावत्या गाडीत तो बुलेट कनेक्टर ढिला झाला तरी तेच होतं. ‘गाडी मध्येच बंद पडते, परत चालू होते’ असं रडगाणं गाणाऱ्या कित्येक एमजीबींचा रोग तिथेच निघतो.

हार्नेसकडच्या दोन टोकांतही एक नर आणि एक मादी आहे. मीटर बाजूला काढून ती दोन एकमेकांत खुपसा. रांग पूर्ण झाली, मीटर बाहेर. तरीही गाडी अडखळली तर मीटर निर्दोष.

नर-मादीची ती सोय कनेक्टर उलटे लागू नयेत म्हणूनच आहे. मीटरमधून जाणाऱ्या पांढऱ्या वायरीच्या या फेऱ्याला, म्हणजे लूपला, दिशा असते. उलट्या दिशेनं करंट गेला तर काटा हलत नाही किंवा वेड्यासारखा वागतो. आधीच्या कुणी कनेक्टर कापून दुसरे बसवले असतील तर हेही तपासा.

---

जुनाट_रोडस्टर

काका, नमस्कार स्वीकारा.

आधी दिव्यांचं. केस आणि बॅटरीमध्ये दिवे लावल्यावर पाऊण व्होल्टच्या वर. मीटर धरून ठेवणाऱ्या पट्टीखाली, दातेरी नटच्या खाली काळ्या वायरीचं टोक होतं, त्यावर हिरवट-पांढरी बुरशी आलेली. पॉलिश पेपरनं दोन्ही बाजू घासल्या, नवीन टोक दाबून बसवलं, नट आवळला. आता शून्याच्या जवळ. दिवे लावले तरी काटा जागचा हलत नाही, आणि गंमत म्हणजे डायलचा दिवाही पूर्वीपेक्षा लख्ख दिसतो.

मग मीटर वगळून, पांढऱ्या वायरी एकमेकांत जोडून गाडी फिरवली. तापल्यावर अडखळली. म्हणजे मीटर निर्दोष, हे मान्य.

पॉइंट काढले. एका तोंडावर टेंगूळ, दुसऱ्यावर खड्डा, अगदी तुम्ही लिहिलंत तसं. कंडेन्सर आणि पॉइंट बदलले, गॅप ०.३८ ठेवला. उसळी बरीच कमी झाली पण गेली नाही. आता दुप्पट होत नाही, पण अॅक्सिलरेटर सोडताना काटा मध्येच एकदा टुणकन उडतो.

मग पॉइंट_गॅप यांची नळी ओढायची युक्ती केली. प्लेट फिरायला लागली की बीप तुटते! प्लेटची अर्थिंगची वायर बाहेर काढली तर आवरणाच्या आत केसासारख्या जेमतेम तीन तारा उरलेल्या. नवी, मऊ, बारीक तारांची वायर सोल्डर करून बसवली, लांबी थोडी सैल ठेवली. उसळी गेली, अडखळणंही गेलं. कार्ब्युरेटरना मी उगाच शिव्या घातल्या.

आता तिसरा रोग राहिला. टायमिंग लाइटवर (ठिणगीबरोबर लुकलुकणारा तपासणीचा दिवा) आरपीएम दिसतो, त्याच्याशी ताडून बघितलं. लाइट ३००० म्हणतो तेव्हा टॅको साडेतीन हजाराला लागून उभा. आयडलिंगलाही थोडा जास्तच. लाइट चार स्ट्रोकवर सेट आहे, ते दोनदा पाहिलं.

आता तरी उघडू?

---

सोल्डरची_धग

आता उघडा. जीपीएसशीही जुळतंय. मूळ मापाचे टायर असतील तर एमजीबी ओव्हरड्राइव्हशिवाय टॉपला दर हजार आरपीएममागे ताशी २९ किलोमीटरच्या किंचित आत पळते. ८५ ला तीन हजाराच्या जरा खालीच असायला हवं. साडेतीन हजार म्हणजे मीटर सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त फुगवून सांगतोय.

क्रोमचं कडं: कड्याला आतून छोटे कान असतात आणि केसच्या काठाला खाचा. कडं फिरवून कान खाचांसमोर आणले की ते उचलून येतं. फिरत नाही याचं कारण आतली रबरी रिंग इतक्या वर्षांत काचेला चिकटलेली असते. हेअर ड्रायरनं कडं चहूबाजूंनी गरम करा, हातात रबरी मोजे घाला आणि दोन्ही पंजांनी थोडं इकडे, थोडं तिकडे. पक्कड लावायची नाही. उचकटायचं तर मुळीच नाही, कडं एकदा वाकलं की पुन्हा गोल होत नाही.

काच आणि आतली रिंग काढल्यावर केसच्या पाठीमागचे स्क्रू काढा, म्हणजे डायल, काटा आणि सर्किट एकत्र पुढून बाहेर येतं. काटा उपटू नका, गरजच नाही. डायलवर बोट टेकवू नका. ती छपाई बोटाच्या घामानं आणि साध्या पुसण्यानंही उठते. धूळ असेल तर मऊ ब्रशनं झटका. आणि हे वाचून दुसरं कुणी १९५० च्या दशकातला किंवा त्याआधीचा अंधारात चमकणारा मीटर उघडायला निघालं असेल तर थांबा. त्या रंगात रेडियम असू शकतं. त्याची पूड नाकातोंडात जाता कामा नये. तो मीटर बंदच ठेवा.

आत काय दिसेल? एक छोटी प्लेट, दोन ट्रान्झिस्टर, काही रोधक (रेझिस्टर), काही कपॅसिटर, तो लूपचा ट्रान्सफॉर्मर आणि एक फिरवायचा रोधक. तोच तुमचा कॅलिब्रेशनचा स्क्रू. काही मॉडेलांत त्याच्यासाठी केसच्या पाठीला भोक असतं.

तो लगेच फिरवू नका. फिरवलात तर आज तीन हजाराला तीन हजार दाखवेल, पण ज्यामुळे फरक पडला तो पार्ट तसाच आत राहील आणि अजून सरकेल. पल्सची रुंदी एका रोधकावर आणि एका कपॅसिटरवर ठरते. दोघांचा गुणाकार जितका मोठा, तितका पल्स रुंद. जुने कार्बनचे रोधक म्हातारपणी वाढतात, ओल लागली की अजून वाढतात. रोधक वाढला, पल्स रुंद झाला, काटा वर चढला. तुमचं लक्षण हेच आहे.

प्रत्येक रोधकाचं एक टोक सोडवा आणि मल्टिमीटरवर मोजा. टोक न सोडता मोजाल तर शेजारच्या पार्टांमधून करंट जाईल आणि आकडा खोटा येईल. रंगपट्ट्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त सरकलेला दिसला की बदला, त्याच मूल्याचा मेटल फिल्म घाला. टायमिंगचा कपॅसिटर मोजता आला तर मोजा, नाहीतर त्याच मूल्याचा पॉलिएस्टर घालून मोकळे व्हा. ट्रान्झिस्टरना हात लावू नका. ते जर्मेनियमचे असले तर सोल्डरिंगच्या उष्णतेनं चटकन मरतात. जवळचं टोक सोल्डर करायची वेळ आली तर पायाला चिमटा लावा, तो उष्णता पिऊन घेतो.

---

वेगवान_कासव

एवढा खटाटोप कशाला? जुनं सर्किट काढून आत नवीन बोर्ड घालतात की लोक. डायल, काटा तेच राहतं.

---

सोल्डरची_धग

घालतात, आणि ट्रान्झिस्टर गेले असतील तर मीही घालेन. कुणी पॉझिटिव्ह अर्थची जुनी गाडी निगेटिव्ह केली आणि मीटर तसाच ठेवला तर ते जातातच. आतली जोडणी आणि लूपची दिशा दोन्ही उलटवावी लागतात, हे बहुतेकांना माहीतच नसतं. पण इथे सर्किट जिवंत आहे, काटा सुरळीत हलतोय, फक्त जास्त दाखवतोय. दोन रोधकांच्या कामाला आख्खा मेंदू बदलायचा म्हणजे अति झालं.

---

जुनाट_रोडस्टर

कडं निघालं! हेअर ड्रायरनं बराच वेळ शेकल्यावर एकदम ‘कट्’ असा आवाज झाला आणि फिरलं. रबर काळ्या गुळासारखं झालं होतं.

रोधक मोजले. एक सोडून बाकी सगळे बऱ्यापैकी जागेवर. तो एक मात्र पट्ट्यांप्रमाणे हवा त्याच्यापेक्षा एक पंचमांश जास्त, आणि त्याचं अंग एका बाजूनं तपकिरी पडलेलं. बदलला. टायमिंगचा कपॅसिटरही बदलला.

आता टेबलावर तपासायचं कसं? गाडीत बसवून, टायमिंग लाइट लावून, स्क्रू फिरवायला परत काढून, हे प्रकरण फार होईल.

---

सोल्डरची_धग

टेबलावर खोटं इंजिन उभं करा. ५५५ आयसीचा साधा पल्स जनरेटर, त्याच्या पुढे एक मॉसफेट (मोठा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), आणि मॉसफेटवर ब्रेक लाइटचे २१ वॉटचे दोन बल्ब समांतर. दोघांचे मिळून साडेतीन अँपिअर होतात, म्हणजे कॉइलच्या जवळपास. बारा व्होल्टपासून या बल्बांना जाणारी वायर मीटरच्या दोन पांढऱ्या टोकांमधून न्या, स्विचकडून कॉइलकडे जाते त्याच दिशेनं. हिरव्या टोकाला वेगळे बारा व्होल्ट, केसला निगेटिव्ह. मल्टिमीटरवर हर्ट्झ असेल तर तोच तुमचा मास्टर मीटर.

चार सिलिंडरसाठी आरपीएमला तीसनं भागा की हर्ट्झ. ५० ला १५००, १०० ला ३०००, २०० ला ६०००. कॅलिब्रेशन १०० हर्ट्झवर करा, आयडलिंगवर नाही. खालच्या टोकाला काट्याच्या जाडीएवढी चूकही मोठी दिसते आणि ती सुधारायच्या नादात वरचं टोक बिघडतं. मग ५० आणि २०० ला फक्त बघा. शंभराचा फरक आला तर सोडून द्या, नवा होता तेव्हाही तो प्रयोगशाळेतला मीटर नव्हता.

सप्लाय बारा आणि चौदा व्होल्ट, दोन्हीवर बघा. गाडी चार्जिंग करत असताना चौदाच्या आसपासच असते, म्हणून शेवटची सेटिंग त्याच्यावर.

---

जुनाट_रोडस्टर

झालं. स्क्रू जेमतेम केसभर फिरवावा लागला. ३००० ला काटा रेघेवर, १५०० ला रेघेला चिकटून थोडा वर, ६००० ला साधारण काट्याच्या जाडीएवढा कमी. ते सोडून दिलं. गाडीत बसवला, जीपीएसवर ८५ आणि टॅको तीन हजाराच्या जरासा खाली. इंजिन चालू करताना काटा एकदा फुरफुरतो आणि मग शांत होतो, तेवढं चालतं ना?

आणि दोन शेवटचे प्रश्न. स्क्रू हादऱ्यानं फिरू नये म्हणून काही लावू का? आणि कासवभाऊंचा तो इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा मुद्दा राहिलाच. उद्या बसवलं तर हा मीटर चालेल?

---

सोल्डरची_धग

फुरफुरू दे. स्टार्टरच्या वेळी बॅटरीचं व्होल्टेज खाली-वर होतं, त्याचं ते आहे.

स्क्रूला नेलपॉलिशचा एक ठिपका. ठिपका म्हणजे ठिपका, पुन्हा फिरवायची वेळ आली तर सुटला पाहिजे.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचे दोन प्रकार समजून घ्या. पॉइंटच्या जागी चुंबकाचा सेन्सर बसतो आणि कॉइल तीच राहते, तो प्रकार बहुतेक वेळा या मीटरबरोबर चालतो, कारण पांढऱ्या वायरीतला करंट तसाच तुटत-जुळत राहतो. कपॅसिटर डिस्चार्जवाली पेटी बसवलीत तर नाही. तिथे पेटी सतत करंट पिते आणि कॉइलला स्वतः झटका देते. पांढऱ्या वायरीत मीटरला पाहिजे तशी उघडझाप उरत नाही, आणि काटा शून्यावर झोपतो किंवा भरकटतो. मग लोक म्हणतात मीटर गेला. त्या वेळी मात्र व्होल्टेजवर चालणारा नवीन बोर्ड आत घालावा लागेल. पण आता पॉइंट नवे आहेत, वायर नवी आहे. गाडी नीट चालतेय तोवर मी तरी काही बदलणार नाही.

---

झेडची_झिंग

शेजारच्या गल्लीतून डोकावतोय. माझी डॅटसन २४० झेड, सहा सिलिंडर, मीटरमधून वायर जाते तसलाच प्रकार, आणि तीनशे-चारशे कमी दाखवतो. तीच बल्बांची जोडणी चालेल का? हर्ट्झ किती धरू?

---

सोल्डरची_धग

चालेल. सहा सिलिंडरला एका फेऱ्यात तीन ठिणग्या, म्हणून आरपीएमला वीसनं भागा. ३००० ला १५० हर्ट्झ, ६००० ला ३००. पण टेबलावर आणण्याआधी तुम्हीही केस आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधलं व्होल्टेज मोजा, दिवे लावून. आणि कॉइलच्या आधीचा तो बाहेरचा रोधक मूळचाच आहे की कुणी काढून टाकलाय ते बघा. आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.